दात मोजण्याआधी

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘जुन्या गाडीसाठी डिफरन्शियलचा रेशो कसा निवडावा’. डिफरन्शियल म्हणजे मागच्या आसावरची, इंजिनाची फिरकी चाकांना देणारी गिअरची पेटी; रेशो म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला तिच्यात येणारा दांडा किती फेरे घेतो तो आकडा. या विषयाला रविवारी सकाळी खुर्च्या कमी पडतात, हे पुण्यातच शक्य आहे. समोर बहुतेकांकडे अँबॅसिडर, पद्मिनी नाहीतर कॉन्टेसा असल्यामुळे त्या पेटीच्या, म्हणजे हौसिंगच्या, आत काय असतं हे सांगत बसत नाही. ते ट्रेमध्ये उघडं पडलेलं तुम्ही पाहिलंय, आणि शेजारी मिस्त्रीचा गंभीर चेहराही.

रेशोआधी एक बोलून टाकतो, नाहीतर मला चैन पडायचं नाही. क्राऊन, म्हणजे आतलं मोठं दातेरी चाक, आणि पिनियन, म्हणजे त्याला फिरवणारं छोटं, ही जोडी असते. कारखान्यात दोघं एकमेकांवर फिरवून, लॅपिंग करून, म्हणजे दात एकमेकांवर घासून बसवून, दोघांवर एकच नंबर कोरतात. जात्याचा वरचा दगड एका घरचा आणि खालचा दुसऱ्या घरचा, असं इथं चालत नाही. आता ऐका. माझ्या एका स्नेह्यांनी अँबॅसिडरसाठी नाना पेठेतून ‘सेट’ आणला. क्राऊनवर एक नंबर, पिनियनवर भलताच. मी म्हटलं, परत करा. दुकानदार म्हणाला, “काका, दात मोजून घ्या ना. रेशो तोच आहे.” दात बरोबर होते, त्यामुळे स्नेही गप्प. गाडी जोडली, कात्रजच्या पुढे निघाली, आणि साठच्या वर गेल्यावर मागून असा हूं सुरू झाला, की वहिनी म्हणाल्या, “अहो, तो रेडिओ बंद करा.” गाडीत रेडिओ नाही!

पुढचं तर आणखी बहारदार आहे. स्नेही तक्रार घेऊन पुन्हा दुकानात. दुकानदारानं शांतपणे इलेक्ट्रिक पेन काढलं, क्राऊनवरचा नंबर पिनियनवर कोरला आणि म्हणाला, “घ्या, मॅचिंग.” हसू नका, यातला एखादा सेट तुमच्याही गाडीत असेल. बंपरच्या क्रोमवर हजारो रुपये घालवणारे आपण लोक हा भाग मात्र घासाघीस करून घेतो.

बसवणारा मिस्त्री कसा ओळखायचा? तो शेंदूर मागतो. तेलात कालवलेला शेंदूर क्राऊनच्या दातांना लावून फिरवायचा आणि ठसा बघायचा. ठसा दाताच्या मध्यावर आला पाहिजे. टोकाला किंवा मुळाशी गेला तर पिनियनखालचे शिम, म्हणजे पातळ चकत्या, बदलायचे, पुन्हा फिरवायचं. मग डायल गेज लावून प्ले, म्हणजे दातांमधली मोकळीक, मोजायचा. तो साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर, पण आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. जो हातानं हलवून “बास, ओके” म्हणतो, त्याला चहा पाजा आणि गाडी घेऊन निघा. आणि हो, आवाज आला म्हणजे दात गेले असं नाही. पुष्कळदा पिनियनचं बेअरिंग असतं. ते बदलून भागलं तर या व्याख्यानाची गरजच...

अध्यक्षांची चिठ्ठी आली. सात मिनिटं. बरं, रेशो.

क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात. ३९ आणि ८ म्हणजे ४.८७५, ४१ आणि ९ म्हणजे ४.५५५, ४३ आणि १० म्हणजे ४.३. चाकाचा घेर १.८ मीटर धरा, चौथा गिअर डायरेक्ट, म्हणजे इंजिनाचा एक फेरा तसाच मागे जातो. ताशी ८० किलोमीटरला ४.८७५ वर इंजिन सुमारे ३६०० फेरे घेतं, ४.३ वर ३२००. चारशे फेरे वाचले म्हणून सगळे खूश. पण त्याच हिशेबानं प्रत्येक गिअरमध्ये चाकावरची ओढ जवळजवळ १२ टक्के घटते, पहिल्यातसुद्धा. १४८९ सीसीच्या इंजिनावर चार माणसं घेऊन खंबाटकीत ट्रकमागे थांबून पुन्हा उठायचं, तेव्हा हे १२ टक्के क्लचमधून वसूल होतात. म्हणून माझं म्हणणं: तुम्ही खरोखर चढता तो घाट आधी धरा, हायवे नंतर. ज्याला घाट नाहीच, त्यानं खुशाल ४.३ घ्यावा. हायवेवर शांतता हवी असेल तर डिफरन्शियलला हात न लावता पाच गिअरचा बॉक्स बसतो का बघा. पाचवा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिनापेक्षा दांडा जास्त फिरवणारा, असेल तर घाटाचे गिअर शाबूत राहतात.

टायर आधी ठरवा, मग रेशो. कमी उंचीचे रेडियल घातले की फेरे आपोआप वाढतात.

जमलं तर ४१-९ सारखी जोडी घ्या. दोन्ही आकड्यांना एकाशिवाय सामाईक भाजक नाही, त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या प्रत्येक दाताला भेटतो आणि झीज सारखी होते. ४०-१० मध्ये एक दात कायम त्याच चार दातांशी भांडतो. तसल्या सेटवर जुळणीच्या खुणा असतील तर त्या पाळाव्याच लागतात.

तेल: हायपॉइडला, म्हणजे पिनियनचा आस क्राऊनच्या मध्यापासून बाजूला सरकवलेल्या जोडीला, जीएल-५ दर्जाचं तेल लागतं. तेच जुन्या गिअरबॉक्समध्ये ओतू नका, त्यातलं गंधक पितळेच्या रिंगा खातं.

शेवटचं, स्पीडोमीटर. त्याची केबल गिअरबॉक्समधून निघते, मागे काय बदललंय हे तिला कळत नाही. ४.८७५ काढून ४.३ टाकलात तर काटा ८० वर असताना गाडी नव्वदच्या वर पळत असते. तेव्हा केबलचं ते छोटं गिअरही त्याच वेळी बदलून घ्या. हं, मागून हात वर आहे. बोला.