पणत्या पुरतील का?

नमस्कार, मागे आवाज येतोय ना? बरं. विषय दिलाय "सणांच्या हस्तकलेतून गणित", ऐकायला एकदम सेमिनारसारखा वाटतो, पण मी पडले बालवाडीची बाई, त्यामुळे सरळ पणतीपासूनच सुरू करते.

आमच्याकडे दिवाळीआधी मुलं पणत्या रंगवतात. गेरू, त्यावर पांढरे ठिपके, आणि निम्मा रंग फ्रॉकवर. एकदा वाळलेल्या पणत्या सतरंजीवर मांडल्या आणि साडेचार वर्षांच्या एका मुलीला वातींचा डबा दिला, म्हटलं एका पणतीत एक वात ठेवत जा. ती गेली ठेवत ठेवत आणि शेवटी येऊन सांगते, "ताई, दोन पणत्या उपाशी राहिल्या." आता या मुलीला वीसपर्यंत आकडे पाठ, धडाधड म्हणायची, पण मोज म्हटलं की बोट एकीकडे आणि तोंड भलतीकडे, सात वस्तूंच्या नऊ व्हायच्या. आणि इथे न मोजता वाती किती कमी पडल्या ते बरोबर सांगितलं की हो तिने!

तेव्हापासून मी पालकांना म्हणते, "किती आहेत?" हे थोडे दिवस राहू द्या, "पुरतील का?" असं विचारा. किती म्हटलं की मूल तुमच्या तोंडाकडे बघतं, बरोबर आलं का म्हणून. पुरतील का म्हटलं की ते पणत्यांकडे बघतं.

अजून एक गंमत घरी करून बघा. सहा पणत्या एका ओळीत आणि समोर सहा वाती, एकास एक. मूल म्हणेल सारख्याच आहेत. मग त्याच्यासमोरच पणत्या लांब लांब सरकवा आणि विचारा, आता जास्त काय? चार-पाच वर्षांचं मूल बहुतेक वेळा म्हणणार पणत्या जास्त, कारण ओळ लांब झाली ना. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ पियाजे यांचा हा गाजलेला प्रयोग आहे. यात मुलाचं चुकलं म्हणून ओरडायचं नाही हां, समजावतही बसू नका, पुन्हा वाती ठेवायला द्या फक्त.

आता कागद. आकाशकंदिलाचा सगळ्यात सोपा प्रकार तुम्ही सगळ्यांनी लहानपणी केलाय, घोटीव कागद मधोमध दुमडायचा, घडीच्या बाजूने काप द्यायचे, कडेपर्यंत न्यायचे नाहीत, उघडून गुंडाळायचा, खाली झिरमिळ्या. मुलं काय करतात, उलट्या बाजूने कापतात किंवा पार आरपार नेतात आणि हातात पट्ट्या येतात. इथे आपला हात शिवशिवतो, दे इकडे मी करते. नका करू! आरपार गेलेल्या त्या एका कापातून "कडेच्या आधी थांबायचं" म्हणजे किती आधी, हे जे कळतं ते सांगून नाही कळत. पट्ट्या झाल्या तर झिरमिळ्या करा त्यांच्या, वाया काय जातंय.

आणि झिरमिळ्यांचा कागद दुमडताना थांबवून विचारा. एक घडी घातली, उघडल्यावर किती भाग? दोन. दोन घड्या? चार. तीन घड्या? आमच्याकडे हमखास "सहा" येतं, मोठ्यांकडूनही येतं, मी नावं घेत नाही. उघडून मोजले की आठ, आणि मग जो चेहरा होतो ना मुलांचा, तो बघण्यासारखा असतो.

रांगोळीत तर सोनंच आहे. ३ ते २ चे मधले ठिपके काढा, म्हणजे दोन, तीन, दोन, वरचे-खालचे ठिपके मधल्या ओळीच्या फटीत यायला हवेत. एकूण सात. मध्ये एक, भोवती सहा. सहाही जोडले की षटकोन, मध्यातून रेघा काढल्या की सहा त्रिकोण, आणि पाच वर्षांची मुलं त्याला पिझ्झा म्हणतात, म्हणू देत. फटीत ठिपका नेमका बसवणं हेच कठीण असतं त्यांना, म्हणून आधी खडूने, चिमटीने नंतर.

जरा मोठ्या भावंडाला ७ ते १ समोरासमोरचे द्या, एक, तीन, पाच, सात, आणि परत उतरत एक. एकूण २५. इथे आपल्या मराठीची एक खोड दिसते, म्हणताना पंच आधी आणि वीस नंतर, लिहिताना २ आधी, म्हणून पोरगं बिनदिक्कत ५२ लिहितं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतंय? मला विचाराल तर मुलाला दोन्ही कळतं, ५२ लिहिलं तर म्हणा, मांड बरं ५२ ठिपके. दमलं की स्वतःच खोडतं.

हे सगळं काही माझं डोकं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली, पुढे कोसबाडला काम नेलं, तिथे शिंपले, बिया, पानं, जे आजूबाजूला मिळेल तेच साहित्य. आणि आज? माझ्या भाच्याच्या शाळेतून कंदिलाचं किट आलं, सगळं कापलेलं, खुणा केलेल्या, फक्त चिकटवायचं. तेही वहिनीनेच चिकटवलं, रात्री साडेदहाला. वर्गात सगळे कंदील एकसारखे, फोटो छान आला ग्रुपवर.

बरं, चहा आलाय बाहेर. टेबलावर कागद ठेवलेत, प्रत्येकाने एक घ्यायचा, चार घड्या घालायच्या आणि उघडायच्या आधी मला येऊन सांगायचं किती भाग होणार. कागद पुरतील का ते मात्र मी मोजलेलं नाही.