शिंपल्याला भोक कोणी पाडलं? मुंबईच्या किनाऱ्यावरचे शंख-शिंपले आणि प्राणी

[हातात शिंपला, कॅमेऱ्याजवळ]

नमस्कार मंडळी. हा शिंपला बघा. भोक किती नेमकं आहे! लाटांनी आपटून शिंपला फुटतो तेव्हा कडा वेड्यावाकड्या होतात. इथे भोक गोल आहे, बाहेरून रुंद आणि आत निमुळतं होत गेलेलं. हे काम नॅटिका कुळातल्या गोगलगायीचं. ती वाळूखाली शिंपल्याला पायात गुंडाळते, आम्लासारखा स्राव सोडून कवच मऊ करते आणि खरखरीत जिभेनं खरवडत तासन् तास भोक पाडते. मग आतलं मांस खाते. आता हा दुसरा. याचं भोक सरळ खाली गेलंय, भिंती उभ्या. हे म्युरेक्स जातीच्या शंखाचं काम. म्हणजे मेलेला शिंपला उचललात तरी त्याला कोणी खाल्लं ते कळतं, फक्त भोकाची कड नीट बघायची.

पण किनाऱ्यावर जायचं कधी? मुंबईत बहुतेक लोक चुकतात ते इथेच. रविवारी संध्याकाळी पाच वाजता जुहूला गेलात आणि भरती असली, तर दिसणार फक्त भेळवाले.

कोकणातला जुना हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता भरती. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्याआधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघाच. कोष्टकात ओहोटीची उंची १ मीटरच्या खाली असेल तो दिवस चांगला. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, ओहोटीला पाणी खूप आत, समुद्राकडे जातं. अष्टमीच्या सुमाराला भांग असते, म्हणजे पाण्याचा चढ-उतार कमी, तेव्हा खडकांवर जाऊन फारसं काही हाती लागत नाही. आमच्या मते सगळ्यात सोयीची तिथी द्वितीया किंवा तृतीया. उधाण टिकून असतं आणि ओहोटी सकाळी पावणेआठ ते साडेआठच्या दरम्यान येते, म्हणजे उजेड असतो आणि ऊनही चढलेलं नसतं. ओहोटीच्या तासभर आधी पोहोचायचं आणि पाणी फिरलं की परतायचं. हाजी अलीला दर्ग्याची वाटसुद्धा भरतीत पाण्याखाली जाते, तिथल्या खडकांवर रेंगाळायचं नाही.

पायात मागे पट्टा असलेले रबरी सोलचे सँडल घाला. अनवाणी नको. मुंबईच्या वाळूत काच असते, आणि खडकांवरच्या कालवांची धार काचेपेक्षा कमी नसते.

[वाळूचा किनारा]

आता वाळू. गिरगाव आणि जुहूला पहिला भेटतो तो बटण शंख, अंबोनियम. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा, चपटा, चकचकीत. राखाडी, गुलाबी, तपकिरी, प्रत्येकावर नक्षी वेगळी. ओळख पक्की करायची तर उलटा करा. खालच्या बाजूला मधोमध गुळगुळीत जाडसर ठिपका असतो. लांब, टोकदार, स्क्रूसारखे वेढे असलेला सापडला तर तो टरिटेला. कुठलाही शंख हाती आला की टोक वर आणि तोंड स्वतःकडे धरा. तोंड जवळपास नेहमी उजव्या हाताला येतं. डावीकडे आलं तर फोटो काढून ठेवा, ती दुर्मीळ गोष्ट आहे.

शिंपल्यांत तिसऱ्या तर घराघरात ओळखीच्या. गुळगुळीत, तिकोनी, काहींवर नागमोडी रेघा. त्यांच्याबरोबर जाड, उभ्या शिरांचा पांढरा शिंपला येतो, तो आर्क. नुसत्या शिरांवर जाऊ नका, दोन झडपा जिथे जुळतात ती कड बघा. आर्कची ती कड सरळ असते आणि तिच्यावर बारीक दातांची लांब ओळ असते. तिसरीला तिथे मोजकेच दात. दोन झडपा अजून जोडलेल्या असतील तर प्राणी नुकताच मेलाय.

[वाळूतली कॉलर दाखवावी]

ही वस्तू लोक रबराचा तुकडा समजून लाथाडतात. राखाडी, वळलेली, शर्टाच्या कॉलरसारखी. हीसुद्धा नॅटिकाचीच! मादी चिकट स्रावात वाळू मिसळून ही कॉलर बनवते, अंडी या थरातच असतात. ओली आणि लवचीक असेल तर हात लावू नका, आहे तिथेच राहू द्या. पिल्लं बाहेर पडली की ती सुकून चुरा होते.

वाळूतून उभ्या आलेल्या, शिंपल्यांचे तुकडे चिकटवलेल्या नळ्या दिसतात त्या डायोपॅट्रा या गांडुळासारख्या अळीच्या. उपटू नका, अळी आत खोल असते. बारीक वाळूच्या गोळ्यांची रांगोळी दिसली तर ती सँड बबलर खेकड्याची. खेकडा एवढासा, सेंटिमीटरभर. वाळू तोंडात घेऊन तिच्यावरचं खाद्य काढून घेतो आणि उरलेली वाळू गोळी करून टाकतो. तुमची सावली पडली की बिळात जातो, म्हणून लांबच उकिडवे बसा आणि दोन मिनिटं हलू नका.

किनाऱ्यावर पांढरं, हलकं, लांबट अंडाकृती काही सापडलं आणि नखानं खरवडल्यावर पूड निघाली तर ते समुद्रफेन. फेस नव्हे, माकुळाच्या जातीतल्या कटलफिशच्या पाठीतलं कवच. आतल्या बारीक कप्प्यांतला वायू कमी-जास्त करून तो पाण्यात वर-खाली होतो.

[खडकाळ किनारा, हाजी अली किंवा बँडस्टँड]

खडकांवर वरून खाली या. सर्वांत वर लिटोरिना या बारीक गोगलगायी, मग नेराइट आणि लिंपेट, त्याही गोगलगायीच, आणि बार्नेकल. बार्नेकल शिंपल्यासारखं दिसतं, पण ते खेकड्या-कोळंबीच्या कुळातलं. खाली डबक्यांच्या काठाला हिरवट-तपकिरी, मांसल गालिचा दिसला तर ते झोअँथिड, प्रवाळाच्या नात्यातले जीव. मुंबईच्या खडकांवर मुबलक असतात. बोट लावू नका, काही जातींमध्ये पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असतं. प्रवाळही आहेत मुंबईत, हो! कोस्टल रोडच्या कामाआधी २०२० मध्ये हाजी अली आणि वरळीच्या काही प्रवाळ वसाहती उचलून दुसरीकडे लावल्या गेल्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली प्रवाळाला संरक्षण आहे, मेलेला तुकडाही घरी नेऊ नका.

दगड उचललात तर तसाच परत ठेवा. वरची बाजू वर, खालची खाली. खालचे जीव उन्हात आले की मरतात.

शंकूच्या आकाराचा, वर रुंद खाली निमुळता शंख म्हणजे कोन. जिवंत असेल तर अरुंद टोकातून विषारी दात मारतो. तो रिकामा आहे अशी खात्री होईपर्यंत उचलू नका. तसं पाहिलं तर कुठलाच शंख लगेच खिशात टाकू नये. आधी डबक्यातल्या पाण्यात तोंड खाली करून पाच मिनिटं ठेवा. पाय बाहेर आले तर आत हर्मिट क्रॅब, म्हणजे रिकाम्या शंखात राहणारा खेकडा आहे. डावी नांगी मोठी असेल तर बहुधा डायोजिनीस या गटातला. त्याला शंख लागतोच, वाढला की मोठा शोधतो. रिकामे चांगले शंख सगळे उचलून नेलेत तर तो तुटक्यात राहतो.

पावसाळ्यात मात्र पाण्याच्या काठावरची निळी वस्तू हाताळायची नाही. ती ब्लू बॉटल, जेलीफिशसारखा जीव, फुगा निळसर, खाली लांब तंतू. वाळूवर मेलेला असला तरी डंख करतो. २०१८ च्या ऑगस्टमध्ये जुहूला कित्येकांना त्याचा प्रसाद मिळाला होता. डंख झालाच तर वाळूनं चोळू नका. चिमट्यानं तंतू काढा, समुद्राच्या पाण्यानं धुवा, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात वीसेक मिनिटं धरा. श्वास अडखळला, छातीत दुखलं तर थेट हॉस्पिटल. गढूळ पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चाला, वाळूत पाकट (स्टिंग रे, शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) असेल तर आधीच निसटेल. २०१३ च्या गणेशोत्सवात गिरगावला विसर्जनाच्या वेळी अनेकांना पाकटाचे काटे लागले होते.

ओळख पटत नसेल तर शेजारी दहाचं नाणं ठेवून फोटो काढा. नाणं २७ मिलिमीटरचं, त्यावरून आकार कळतो. शंखाचे तोंडाकडून, पाठीकडून आणि टोकावरून असे तीन फोटो हवेत. ते आय-नॅचरलिस्ट या जीव ओळखायला मदत करणाऱ्या संकेतस्थळावर टाका. मरीन लाइफ ऑफ मुंबई या गटाच्या किनारा-भटकंत्याही असतात, त्यांच्याबरोबर एकदा जा.

रिकामे शंख घरी आणलेच तर दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात, रोज पाणी बदलून ठेवा. वास गेला नाही तर आत मांस राहिलंय, टोकदार तारेनं काढा. व्हिनेगर वापरू नका, कवच चुन्याचं असल्यानं ते विरघळतं आणि चकाकी जाते. ब्लीचनंही रंग उडतो. सावलीत वाळवा, वाटल्यास तेलाचं बोट फिरवा, आणि कागदावर ठिकाण आणि तारीख लिहून शंखाबरोबर ठेवा.