दम्याचा अटॅक घड्याळाला आधी कळतो का?

मंडळी, मनगटावरच्या स्मार्ट घड्याळात ऑक्सिजन ९७ दिसला की आपण निर्धास्त होतो. दम्यात मात्र हा आकडा फार उशिरा हलतो. श्वासनळ्या आकसल्या की शरीर आधी भराभर श्वास घेऊन निभावून नेतं. ऑक्सिजन उतरू लागला, तेव्हा अटॅक बराच पुढे गेलेला असतो. त्यात पट्टा सैल असला किंवा हात गार पडला की आकडा चुकतो. सावळ्या त्वचेवर तर तो खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो.

कामाचा आहे तो झोपेतला श्वासाचा वेग. घड्याळ श्वास थेट मोजत नाही. बहुतेक वेळा हिरव्या प्रकाशाने नाडी टिपतं. श्वास घेताना नाडी जराशी वेगात धावते, सोडताना मंदावते, त्या लयीवरून हिशेब लावतं. जागेपणी हात हलला की हिशेब फिसकटतो. म्हणून तब्येत बरी असतानाच्या दोन-तीन आठवड्यांच्या रात्रींवरून स्वतःची रेषा काढा. मिनिटाला १४ श्वास घेणाऱ्याला सलग काही रात्री १८ दिसले तर तो इशारा. एरवीच १८ असणाऱ्याला त्यात नवल नाही. जोडीला आराम देणारा पंप किती वेळा लागला तेही मोजा. पंपाला लावायचे सेन्सर असतात, पण कॅलेंडरवर रेघ मारली तरी भागतं.

आता नागपूरची अडचण. जानेवारीत काढलेली रेषा मे महिन्यात चालत नाही. पारा ४५ वर गेला की रात्रीही नाडी चढीच राहते. मोबाइलवर खोकला मोजणारी ॲप्स कूलरच्या घरघरीपुढे बहिरी होतात. आणि कूलर हाच मोठा गुन्हेगार! आठ महिने पडून राहिलेल्या ताट्यांवर बुरशी धरते. मार्चमध्ये ताट्या बदला, टाकी घासा, खिडक्या उघडून तो आधी अर्धा तास रिकाम्या खोलीत चालवा. त्या दिवसाची नोंदही ठेवा, कारण घड्याळाला कूलर कळत नाही.

खोट्या घंटांचं गणित करून बघा. समजा, १०० शांत रात्रींपैकी ९० बरोबर ओळखणारं घड्याळ आहे आणि वर्षात दोनच अटॅक येतात. उरलेल्या ३६३ रात्रींत ३६ वेळा ते उगीच वाजणार. आराम देणाऱ्या पंपातल्या साल्ब्युटामॉल या औषधानेही नाडी वाढते, म्हणजे औषध घेतल्यावर घड्याळ आणखी घाबरणार.

तेव्हा इशारा आला की आधी पीक फ्लो मीटर, म्हणजे श्वास किती जोरात सोडता येतो ते मोजणारी नळी. उभं राहून तीनदा जोरात फुंका, मोठ्यात मोठा आकडा धरा. स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांच्या वर असेल तर रोजचं औषध नेहमीप्रमाणे. ५० ते ८० मध्ये असेल तर डॉक्टरांनी लिहून दिलेली योजना काढा. ५० च्या खाली, किंवा एक वाक्य एका दमात पूर्ण होत नसेल, तर पंप घेत थेट दवाखाना. तेव्हा घड्याळाकडे बघत बसू नका, त्यात ऑक्सिजन ९५ दिसला तरी.

एक बारीक गोष्ट राहिली. बहुतेक जण घड्याळ रात्रीच चार्जिंगला लावतात आणि नेमकी पहाटेची नोंद हुकते, जेव्हा नळ्या सगळ्यात अरुंद असतात. जेवायला बसताना लावा.