पुन्हा उघडलेले 'रणांगण'

अध्यक्ष महोदय आणि रसिकहो,

एकच ग्रंथ पुन्हा पुन्हा वाचण्याला आपल्याकडे 'पारायण' असा शब्द आहे, आणि ज्ञानेश्वरीचे पारायण करणाऱ्या आजीला 'एकदा वाचली ना, मग परत कशाला?' असे घरात कोणी विचारत नसे. कादंबरी मात्र एकदा संपली की कपाटात जाते.

विश्राम बेडेकरांची 'रणांगण' ही 1939 सालची छोटी कादंबरी मी महाविद्यालयात असताना प्रथम वाचली. युरोपातून निघालेली बोट, प्रेमभंगाने कडवट झालेला चक्रधर आणि नाझी जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू तरुणी हॅर्टा, एवढेच मला त्या वयात दिसले. माझ्या प्रतीतील पेन्सिलीच्या खुणाही साऱ्या त्या दोघांच्या संवादांवरच आहेत.

पुढे या देशात आल्यावर माझ्या वास्तव्याच्या परवान्याचे नूतनीकरण रखडले, आणि आई आजारी असूनही, भारतात गेल्यास परत येता येईल की नाही याची खात्री नव्हती, अशा दिवसांत ती प्रत पुन्हा हाती आली. चक्रधर मुंबईला उतरू शकतो आणि हॅर्टा उतरू शकत नाही, हे मला ठाऊकच होते. पण त्या ताटातुटीत एका सरकारी कागदाचा केवढा वाटा आहे, हे तेव्हा कळले. अर्थात माझी अडचण काही महिन्यांची होती आणि मला परतायला देश होता. हॅर्टाला तो उरला नव्हता, आणि या फरकाचा विसर पडू देणे तिच्यावर अन्याय करणारे ठरेल. विशीत ज्याची बाजू मी मनापासून घेतली होती, त्या चक्रधराचा या वेळी मला राग आला, कारण पायाखाली जमीन असलेला तो होता आणि मनातली अढी घेऊन तो हॅर्टाजवळ गेला होता.

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. कादंबरी लिहिली गेली तेव्हा युरोपातील ज्यूंचा पुढे झालेला संहार लेखकाला ठाऊक असणे शक्य नव्हते. आपल्याला तो ठाऊक आहे, त्यामुळे बोटीवरील साध्या गप्पाही आता निर्धास्तपणे वाचता येत नाहीत.

मंडळाच्या ग्रंथपेटीत मी माझी ती प्रत आज ठेवत आहे. ज्यांनी 'रणांगण' पूर्वी वाचले आहे त्यांनी ती आधी न्यावी, आणि माझ्या खुणांशेजारी आपल्या खुणा अवश्य कराव्यात.