काचेवर बसणारी वाफ

(दृश्य: ताळगाव पठारावर कोसळणारा पाऊस. आत पंपाची घरघर.)

काजूच्या हंगामात गोव्यात भाट्या लागतात. बोंडूंचा रस उकळतो, वाफ थंड होते, हुर्राक, म्हणजे काजूची दारू, ठिबकू लागतो. या प्रयोगशाळेत काचेच्या घंटेखाली उकळतं ते ॲल्युमिनियम, आणि त्याची वाफ थर होऊन आत ठेवलेल्या काचेवर बसते, तिचा आरसा होतो. थराची जाडी 100 नॅनोमीटर, कागदाच्या साधारण हजाराव्या भागाइतकी.

आधी हवा काढायची. साध्या हवेत अणू मिलिमीटरचा दहा हजारावा भाग जायच्या आत कशावर तरी आदळतो. दाब वातावरणाच्या 10 कोटीव्या भागावर आणला, की त्याला सहाएक मीटर वाट मोकळी. घंटा हातभर उंच, त्यामुळे तो थेट काचेवर पोचतो.

पावसाळ्यात हे कठीण. घंटा जितका वेळ उघडी, तितकं बाष्प आतल्या भिंतींना चिकटतं, आणि पंप लावल्यावर तासन् तास सुटत राहतं. ते थरात शिरलं की ॲल्युमिनियमचा ऑक्साइड होतो, आरसा धुरकटतो. म्हणून उघडण्याआधी आत कोरडा नायट्रोजन सोडतात, काचा बसवतात आणि झटकन बंद करतात. या घाईला मी हातखंडा कारागिरी म्हणेन.

(दृश्य: टंगस्टनची तार पांढरीशुभ्र तापते.)

ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळून तारेवर पसरतं, आणखी तापलं की वाफ सुटते.

पण थर सगळीकडे सारखा कसा बसणार? तार 20 सेंटीमीटर खाली आणि काच 10 सेंटीमीटर रुंद धरा. मध्यापेक्षा कडेला थर सुमारे 11 टक्के पातळ बसतो. काच 40 सेंटीमीटरवर नेली तर फरक 3 टक्क्यांवर येतो. मात्र तितक्याच धातूत जाडी एक चतुर्थांश उरते. बाकीचं ॲल्युमिनियम घंटेच्या भिंतींवर जातं. मग काच फिरवायची? तार बरोबर मध्याखाली असेल, तर फिरवून काहीच साधत नाही. तार बाजूला सरकवायची आणि मग काच फिरवायची, म्हणजे प्रत्येक कड आळीपाळीने तारेजवळून जाते. मला यातली ही सगळ्यात देखणी युक्ती वाटते.

(दृश्य: काच खिडकीसमोर धरलेली.)

एवढ्या जाडीचं ॲल्युमिनियम उजेड अडवतं. धुळीचा कण होता तिथे मात्र टाचणीच्या टोकाएवढं भोक लखलखतं. आज तीन दिसली. काच पुन्हा धुवायला गेली.