मीठ जातं कुठे?

एप्रिलची दुपार, पेडण्यातल्या आगरवाड्याचं मिठागर. काका लांब दांड्याच्या लाकडी फळीने मीठ ओढतायत, खर्र खर्र आवाज येतोय. मधेच वाफ्यातलं पाणी बोटाने चाखतात, म्हणतात, अजून दोन दिवस लागतील. उन्हाने पाणी उडतं, मीठ मागे राहतं.

आता हेच उलटं बघा. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी उणे १.८ अंशाला गोठायला लागतं, पण बर्फाच्या स्फटिकात मिठाला जागाच नसते. किलोभर पाण्यात ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ, त्यातलं थोडंसं बारीक पोकळ्यांत अडकतं, बाकी सगळं खालच्या पाण्यात. ते पाणी खारट, वरून थंडगार, म्हणजे जड, मग काय, उतरत उतरत तळाला जातं आणि तिथून सरकत हिंद महासागराच्या तळापर्यंत येतं!

या सगळ्याचं कॉम्प्युटरवर गणित मांडायचं, म्हणजे मॉडेल. समुद्राचे वाफे पाडायचे, अगदी आगरासारखे, आणि कुठल्या वाफ्यातून शेजारी किती पाणी, किती मीठ, किती उष्णता गेली ते मोजत बसायचं. गोची अशी की बऱ्याच हवामान मॉडेल्समध्ये एक वाफा शंभरेक किलोमीटरचा असतो. म्हणजे पेडणे ते काणकोण, अख्खा गोवा एकाच वाफ्यात! आणि बर्फातल्या भेगा कितीदा मांडवीपेक्षाही अरुंद, पण हिवाळ्यात नवा बर्फ भराभर धरतो तो तिथेच, मीठही तिथेच सुटतं. मॉडेलने ते मीठ अख्ख्या वाफ्यात सारखं पसरलं की झालं, पाणी जड होतच नाही, नाहीतर किनारा सोडून भलतीकडेच भर समुद्रात बुडतं. ही चूक खरंच बऱ्याच मॉडेल्समध्ये सापडलीय.

भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम १९८१ च्या डिसेंबरात गोव्यातूनच निघाली, आणि आजही ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र वास्कोत हेडलँड सड्यावर आहे. खाली बंदरात घामाच्या धारा, वर बर्फाच्या गप्पा, मला तर याची भारी गंमत वाटते.

पण भर हिवाळ्यात तिथलं पाणी चाखणार कोण? जहाज पोचणं मुश्किल. म्हणून शास्त्रज्ञ एलिफंट सीलच्या डोक्यावर सेन्सर चिकटवतात. सील आपला मासे शोधत बर्फाखाली बुड्या मारतो, वर आला की खारटपणाचे आकडे सॅटेलाइटला जातात, आणि वर्षाकाठी त्याचे केस झडले की सेन्सरही गळून पडतो.