क्वारी हिल: लीड्समधली ९३८ घरं

इंग्लंडमधलं लीड्स. गिरण्यांचं आणि शिलाईच्या कारखान्यांचं शहर. १९३० च्या सुमारास इथले हजारो कामगार पाठीला पाठ लावून बांधलेल्या घरांत राहत. मागची भिंत शेजाऱ्याची, म्हणून खिडक्या फक्त पुढच्या बाजूला. घरात वारा खेळायला वावच नाही. अनेक ठिकाणी संडास गल्लीत, तोही सामाईक.

१९३३ मध्ये नगरपालिकेत मजूर पक्ष सत्तेवर आला. गृहनिर्माण समितीचे अध्यक्ष झाले चार्ल्स जेंकिन्सन, होल्बेक या कामगारवस्तीतल्या चर्चचे धर्मगुरू. अशा घरांतली माणसं त्यांच्या रोजच्या ओळखीची होती. वस्त्या पाडून नवी घरं बांधायचं तर ठरलं, पण नव्या घराचं भाडं गरिबाला झेपणार कसं? जेंकिन्सननी १९३४ पासून भाडं कुटुंबाच्या मिळकतीवर ठरवायला लावलं. ज्यांचं पोटापुरतंही भागत नव्हतं, त्यांना भाडं माफ. बरी मिळकत असलेले भाडेकरू खवळले. १९३५ मध्ये सत्ताही गेली. तरी या साऱ्या प्रयोगातलं सर्वांत धाडसी पाऊल हेच, असं आम्हाला वाटतं.

लीड्समधल्या क्वारी हिल या भागातली ही ९३८ घरांची वसाहत आखली नगरपालिकेचे वास्तुविशारद आर. ए. एच. लिव्हेट यांनी. समोर आदर्श होता व्हिएन्नाच्या कार्ल मार्क्स-होफचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेनं बांधलेल्या कामगारवसाहतीचा. बांधणीची पद्धत फ्रान्समधून आणलेली, मोपँ या अभियंत्याची: हलका पोलादी सांगाडा, त्यावर आधीच ओतून ठेवलेल्या काँक्रीटच्या लाद्या. गवंडी कमी लागतील, खर्च वाचेल, हा हिशेब. पॅरिसजवळ द्रांसीला याच पद्धतीने कामगारांसाठी वसाहत उभी राहिली होती. पुढे महायुद्धात नाझींनी तिथूनच हजारो ज्यूंना आउशवित्झच्या मृत्युछावणीत धाडलं.

लीड्समध्ये १९३८ पासून कुटुंबं राहायला येऊ लागली. आठ मजल्यांपर्यंतच्या वळणदार इमारती, लिफ्ट, सामाईक धुलाईघर. आणि स्वयंपाकघरातलं ते सिंक! भाज्यांची सालं, राख, रिकामे डबे, सगळं त्याच्या रुंद भोकातून पाण्याबरोबर खाली जायचं. तो कचरा वसाहतीतच जाळत आणि त्या उष्णतेवर धुलाईघर चाले. इंग्लंडमध्ये ही सोय प्रथमच आली, आणि तीही गरिबांच्या घरात.

सभागृह मात्र नकाशावरच राहिलं. बांधकामाचा हिशेबही चुकला. काम रेंगाळलं, १९४१ पर्यंत चाललं. पुढे लाद्यांच्या सांध्यांतून पाणी शिरलं, आतलं पोलाद गंजलं. दुरुस्ती परवडेना, तेव्हा पाडायचा निर्णय झाला आणि १९७८ पर्यंत सगळ्या इमारती पाडून झाल्या. आज त्या जागेवर नाट्यगृह आहे आणि एक भलंमोठं सरकारी कार्यालय.